चिमटीत न येणारे पोट

१७ नोव्हेंबर १९८५

दिवाळीचे काम संपल्यावर विष्णूमास्तरांनी ही कोरी वही माझ्या हातात ठेवली. "तुझं अक्षर टीप मारल्यासारखं आहे, काहीतरी लिहीत जा," म्हणाले. मी नववीत शाळा सोडली, पण ऱ्हस्व-दीर्घ सोडले नाही. कर्जतच्या बाजारात मास्तरांच्या दुकानात शिंपीकाम शिकलो. आता पँटी मीच शिवतो. मनात सारखे काहीतरी टोचत असते. ते कागदावर उतरले तर झोप बरी लागेल असे वाटते.

आज आबा, म्हणजे माझे वडील, कामावरून घरी आले ते एका हाताने पँट धरून. आबा कर्जतला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी आहेत. घाट चढून-उतरून आलेले इंजिन ड्रायव्हर तिथे जेवतात आणि झोपतात. वाढता वाढता आबांच्या पँटीचे बटण उडाले.

"थेट पिंटो डायवरच्या डाळीत गेलं," आबा सांगत होते. "त्यो म्हणतो, सखाराम, आज डाळीत वाटाणा टाकलास काय?"

आई हसून हसून खाली बसली. शेजारची ठकूबाई कुंपणापलीकडून ओरडली, "सखाराम, कितवा म्हैना रं?"

"बारमाही पीक हाय गं ठकू. तुज्या वालासारखं नाय."

आबांचे हातपाय काटकुळे आहेत. गालही बसलेले. पण पोट उपड्या घागरीसारखे, गोल आणि कडक. आमच्या वस्तीत असे पोट दुसरे नाही. लग्नात त्यांना पुढच्या रांगेत बसवतात. पोरे त्यावर ताशा वाजवतात. लहानपणी मी त्यावर डोके ठेवून झोपत असे. आत फार लांबून गाडी येत असल्यासारखे वाजायचे, आणि ती गाडी पोचायच्या आत मला झोप लागायची.

मी पँट कंबरेत सैल करून दिली.

२२ नोव्हेंबर

रेल्वेच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आल्या आहेत, सुचेताबाई. कर्जतच्याच, नाना वकिलांच्या धाकट्या कन्या. स्वयंपाक्यांची तपासणी होती म्हणून आबा गेले. मला भीती वाटली म्हणून मीही दुकानातून तासाभराची सुटी मागून गेलो.

बाईंनी दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. मग काचेच्या नळीत निळे औषध घेऊन त्यात आबांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि शेवटी विटेसारखे लाल. माथेरानच्या डोंगरामागे संध्याकाळी असेच रंग बदलतात. मी बघतच राहिलो. बाई मात्र म्हणाल्या, "साखर बरीच आहे."

मग त्यांनी आबांच्या दंडाला चिमटा घेतला. तेवढाच पोटालाही घेऊ पाहिला, पण बोटे घसरली.

"बघा सखारामभाऊ. दंडाची कातडी चिमटीत येते. पोटाची येत नाही. म्हणजे ही चरबी कातडीखालची नाही. ही आत आहे, आतड्यांना आणि यकृताला लपेटून बसलेली."

"बसू दे की बाई. कुणाला तरास देते ती?"

"तीच देते. गप्प बसत नाही. साखर वाढवते, रक्तदाब वाढवते. घेर, साखर, दाब ही तिन्ही एका माणसात आली की मेंदूकडे जाणारी शीर तुंबायला, नाहीतर फुटायला वेळ लागत नाही. तुम्ही लोक काय म्हणता, अंगावरून वारं जाणं?"

आबा हसले. "बाई, आमच्या सात पिढ्या वाऱ्यावरच जगल्या. आता कुटं पोट आलंय."

बाई हसल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या. मीठ कमी, तूप-तेल कमी, भात अर्धा, रोज चालणे. आणि मला म्हणाल्या, "तुम्ही शिंपी ना? दर रविवारी फीत लावून यांची कंबर बघत जा."

"फीत नाय लावायची," आबा एकदम म्हणाले. "मी काय कापड हाय?"

त्यांचा आवाज चढला तसा बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. घरात एखादी न होणारी पँट असेल. ती दर रविवारी घालून बघा. ती सहज लागायला लागली, वर दोन बोटं आत जायला लागली, की मला दाखवायला या. गोळ्या तोवर चालूच."

'रक्तदाब' हा शब्द मी बाईंच्या चिठ्ठीवरून पाहून लिहिला आहे.

घरी परतताना कडावच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत होते. मधेच म्हणाले, "नागू, माज्या बापाचं पोट पाठीला लागलेलं. मेला तवा खड्डा दिसत व्हता पोटाच्या जागी. लोकांच्या उष्ट्यावर वाडलो आमी. छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी मनात म्हणलं, आता आपल्या हातचं लोकांनी खायाचं. आज बामन डायवर पण माज्या हातचं मागून खातो. ह्ये पोट मी कमावलंय रं. आन् ती पोरगी म्हणते, रोग हाय."



६ डिसेंबर

आबा खरोखर पथ्य करत आहेत. दादरला जायचे होते ते गर्दीच्या भीतीने आईने जाऊ दिले नाही. सकाळी ते एसटी सोडून निम्म्या वाटेपर्यंत चालत जातात. वालाच्या शेतांवर धुके असते आणि त्यात आबांचे पांढरे कपडे विरघळून जातात. थोड्या वेळाने फक्त पोटाचा घेर दिसतो, मग तोही नाही. मी मागून सायकलने जातो. मला दर वेळी वाटते, धुके उठेल तेव्हा रस्त्यावर कोणीच नसेल.

रनिंग रूममध्ये भाजीची चव ते आता दुसऱ्याला घ्यायला लावतात. पिंटो म्हणाला म्हणे, "सखाराम, तू डाएटिंग करतो आणि सजा आम्हाला?"

२२ डिसेंबर

आज पाचवा रविवार. परीक्षेची पँट म्हणजे मीच दोन वर्षांपूर्वी शिवलेली पांढरी पँट. खुंटीवर असते. आबांनी श्वास आत ओढला, आईने दोन्ही टोके धरली. बटण काजापर्यंत पोचले नाही. पहिल्या रविवारी जेवढे अंतर होते तेवढेच.

आबांनी पँट काढून घडी करून ठेवली. जेवायला नको म्हणाले. दिवेलागणीला चुलीसमोर नुसते बसून राहिले. चूल अजून पेटवली नव्हती.

"आबा, काय बघता?"

"काय नाय. ल्हानपणी असाच बसायचो चुलीकडं बघत. पेटायची नाय. आई म्हणायची, नीज बाबा, झोपंत भूक लागत नाय." मग म्हणाले, "भूक कशी असते त्ये इसरलो व्हतो नागू. पुन्ना आली. तिला घर ठावं हाय."

पन्नास वर्षांचा माणूस अंधारात रडत होता आणि मी दाराशी उभा होतो. मला वाटले, वाऱ्याने जाण्याआधी आबा दुःखानेच जातील.

४ जानेवारी १९८६

पँटीच्या मागच्या शिवणीत आम्ही जादा कापड आत दुमडून ठेवतो. त्याला माया म्हणतात. पुढे अंग वाढले तर उपयोगी पडते. आबांच्या त्या पँटीत मी भरपूर ठेवली होती.

आज दुपारी आबा ड्यूटीवर आणि आई शेतावर होती. मी पँट दुकानात नेली. मास्तर जेवायला गेले होते. मागची शिवण उसवली, थोडी बाहेर काढून पुन्हा टीप मारली. जुन्या टिपेची भोके दिसू नयेत म्हणून पाणी लावून इस्त्री फिरवली. पांढऱ्यावर पांढरा दोरा. मलाही शोधावे लागले.

फक्त एकदाच. आबांना जरा उमेद येईल. उमेद आली की पथ्य जमेल, पथ्य जमले की पोट खरेच उतरेल, मग मी शिवण पुन्हा आत घेईन. कुणाला कळणार नाही.

हे वाचून पाहिले. तर्क बरोबर वाटतो.

५ जानेवारी

बटण लागले.

आबा घरभर फिरले. अंगणात गेले. ठकूबाईला हाक मारली. "ठकू, बाळंत झालो गं!"

ठकूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग बारशाचं जेवाण कदी?"

मला इतका आनंद झाला की क्षणभर मीच विसरलो. खरेच पोट उतरले असे वाटले.

१२ जानेवारी

खालापूरहून रामभाऊमामा आले होते. मामा तहसील कचेरीत शिपाई आहेत. आबांनी त्यांच्यासाठी वालाची पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, ओवा, आणि जाडे मीठ. मडके उपडे करून भोवती पेंढा पेटवला. शेतावर सगळी वस्ती गोळा झाली.

"सखाराम, तुला पथ्य हाय ना रं?" मामा म्हणाले.

"पथ्य फळलं आता. ह्ये बग." आबांनी पँटीच्या कंबरेत बोट घालून दाखवले. "आजचा दिस सुट्टी."

ते मनसोक्त जेवले. कितीतरी दिवसांनी त्यांची बोटे तुपकट आणि डोळे शांत दिसले. धूर शेतावर आडवा पसरला होता. घाटाच्या पायथ्याला गाडीला मागून इंजिन जोडत असावेत, त्याची लांब शिटी आली. ते इंजिन मागून ढकलते म्हणून गाडी घाट चढते. पुढच्या प्रवाशांना ते दिसतसुद्धा नाही. मला वाटले, मी आबांचे तसे इंजिन आहे.

पहाटे स्वप्न पडले. आबांचे पोट म्हणजे मोठे तळे आणि तळाशी दिवे. लोणी तरंगत होते आणि दिवे एकेक करून त्याखाली झाकले जात होते. सुंदर होते. पण मी घामाने भिजून उठलो.

२ फेब्रुवारी

गेल्या रविवारी बटण पुन्हा घट्ट झाले होते, म्हणून काल दुसऱ्यांदा शिवण सोडली. आज आबा खूष.

दुपारी आईने पँट धुताना उलटी केली आणि उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिली. मी विचारले, काय झाले? म्हणाली, "साबन नीट निघाला नाय." पुन्हा खळबळून वाळत घातली. मग कारण नसताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा हात ओला होता. रात्री आबांच्या ताटातले तूप तिने माझ्या ताटात वाढले.

आई हल्ली गप्प असते. शेताचे काम फार पडते तिला.

१६ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. सकाळी चहा ओतताना आबांच्या उजव्या हातातून पळी गळून पडली. ते पळीकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच्याच हातातून पडली. मी म्हटले, "आबा, झोप पुरी झाली नाही वाटतं." तेव्हा ते हसले, पण फक्त डाव्या गालाने. उजवा गाल तसाच राहिला. लहान मूल झोपेत हसते तसे ते हसू होते. मला फार गोड वाटले. चहा निवायच्या आत हात ठीक झाला आणि त्यांनी स्वतःच पळी उचलली.

वयाने माणूस लहान होत जातो म्हणतात, ते खरे असावे.

९ मार्च

गोळ्या संपून बरेच दिवस झाले. आज आईने विचारले तेव्हा कळले.

"कशाला आणू?" आबा म्हणाले. "तोंड कोरडं पडतं त्यानं. पँट ढिली झाली ना? मंग रोग गेला. अजून जरा व्हऊ दे, मंग बाईंना दाखवू. चकित करू."

आई माझ्याकडे बघत होती. बाईंकडे गेलो तर त्या फीत लावतील. तेव्हा गेलो नाही ते बरेच, असे वाटते. आणि असे वाटते म्हणून लाजही वाटते.

संध्याकाळी म्हटले, "आबा, गोळ्या तरी आणू या." ते म्हणाले, "तुला माजी खुशी बगवत नाय काय रं?" चेष्टेत म्हणाले. पण मी गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा खिशात घातली.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. आबा नेहमीप्रमाणे पुढे, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, तीच पँट. निळे झेंडे, ऊन, गुलाल नाही, नीळ. सगळे तरंगत चालल्यासारखे दिसत होते. नाक्यावर आबांनी घोषणा द्यायला तोंड उघडले आणि शब्द आले ते भलतेच. "पळी", "पेंढा", असे काहीतरी. लोकांना वाटले ताशात नीट ऐकू आले नाही. माझ्याकडे वळून त्यांनी मला "धोंडी" म्हटले. धोंडी म्हणजे त्यांचा भाऊ, दुष्काळात लहानपणीच गेलेला.

ताशे पुढे गेले, आणि आबा पुन्हा नीट बोलू लागले. विहाराच्या पायरीवर बसून पाणी प्याले. ऊर भरून आल्यावर माणसाचे असे होते. धोंडीकाका असते तर त्यांनाही मिरवणूक आवडली असती.

आई म्हणाली, "मला बरं वाटत नाय ह्ये. उद्या बाईंकडं जाऊ."

आबा म्हणाले, "दोन बोटं आत जायला लागली की जाऊ. बोली ती बोली."

२७ एप्रिल

आज दुकानात पँट उसवली आणि पाहिले तर माया संपली. कडेला दोऱ्यापुरतेसुद्धा कापड नाही. अजून सोडले तर टीप धरणार नाही.

मी त्या पँटीकडे बसून बघितले. पाच महिन्यांत आबांचे पोट जरासुद्धा उतरलेले नाही. उलट जेवढे कापड मी सोडले, तेवढे सगळे भरले. हे मी आजपर्यंत कधी एका ओळीत लिहिले नव्हते.

उद्या सांगणार. आधी आईला, मग आबांना, मग बाईंना.

नाही. उद्या आबांची सकाळची पाळी आहे. दमून येतील. परवा सांगेन.

५ मे

परवा उजाडलाच नाही तसा.

सोमवारी सकाळी रनिंग रूममध्ये आबा कणीक मळत होते. पिंटो सांगतो, हात परातीत तसाच राहिला आणि आबा हळूहळू बाजूला झुकले, कुणाशी कुजबुजायला झुकावे तसे. तोंडातून लाळ. उजवे अंग लाकूड. पिंटोने आणि दुसऱ्या ड्रायव्हरने त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेले. सुचेताबाई स्वतः गार्डाच्या डब्यात बसून त्यांच्याबरोबर कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या.

मी पोचलो तेव्हा आबांच्या हाताला अजून कणीक लागलेली होती. मी ती नखाने खरवडून काढली. त्यांना काही कळले नाही.

आज आठवडा झाला. डोळे उघडे असतात. शब्द नाही.

११ मे

बाईंना सगळे सांगितले. दवाखान्याच्या व्हरांड्यात. शिवण, दोरा, इस्त्री, सगळे.

कठड्यावर एक कबूतर चालत होते, बाई त्याच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पँटीची युक्ती माझीच. ते रागावले म्हणून मी फीत खिशात घातली. ते रडले म्हणून तुम्ही शिवण सोडली."

"मी सोडली नसती तर..."

"ते मला सांगता येणार नाही. कदाचित झालंच असतं. गोळ्या चालू असत्या तर कदाचित नसतं झालं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलू का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग आता ऐका. ती चरबी अजून आतच आहे. दाब अजून चढतो. असा दुसरा झटका आला तर मी गार्डाच्या डब्यात बसून काही उपयोग नाही. गोळी चुकवायची नाही, पथ्य मोडायचं नाही. ते रडतील, रागावतील. तुमच्या घरात नाही म्हणता कुणालाच येत नाही, नागसेन. एकाला तरी शिकावं लागेल."

२० मे

आबांना घरी आणले. उजवा हात छातीवर मुडपलेला. तोंड वाकडे. पोट मात्र तसेच.

रामभाऊमामा पिशवीत कबूतर घेऊन आले. खालापूरकडे एक माणूस कबुतराच्या रक्ताने अंग चोळून वारे उतरवतो म्हणे. तो दुपारी येणार होता.

आई उंबऱ्यात उभी राहिली. "बुद्धाच्या घरात असल्या तोडग्यापायी मुका जीव कापायचा?"

"भीमे, नवरा पायजे का नेम पायजे तुला?"

आई माझ्याकडे बघू लागली. मामाही बघू लागले. मी म्हटले, "मामा, नको. हे वारं नाही. शीर तुंबली आहे. गोळ्या आहेत." आवाज इतका बारीक आला की मामांनी "काय?" म्हणून विचारले. मला पुन्हा म्हणावे लागले.

मामा चिडून गेले. कबूतर इथेच राहिले. आईने त्याला सोडले तर ते कौलावरच बसून राहिले.

रात्र व्हायच्या आत मी आबांच्या उशाशी बसून त्यांना सांगितले. सगळे. त्यांना कळते का ते माहीत नव्हते. सांगून झाल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. तेव्हा कळले की कळते.

आई मागे उभी होती. म्हणाली, "तुला वाटलं मला दिसली नाय शिवण? धुनं कोन धुतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाय बोललास?"

२४ मे

आबा माझ्या हातचा घास घेत नाहीत. आईच्या हातचा घेतात. मी जवळ गेलो की डोळे मिटतात. गोळी मात्र मीच देतो. जबडा दाबून धरतात, मी थांबून राहतो. थांबून थांबून देतो.

विष्णूमास्तर भेटायला आले. पपई आणली होती, ती मी बाईंना विचारल्याशिवाय कापली नाही. मास्तर म्हणाले, "फार कडक झालास रे."

दुपारी डोळा लागला त्यात वालाचे शेत दिसले, धुके, आणि त्यात पुढे जाणारे पांढरे कपडे. मी सायकल जोरात मारत होतो. अंतर कमी होत नव्हते, पण वाढतही नव्हते.

८ जून

आई शेतावर भाताचे बी पेरायला गेली होती ती आजच लवकर परत आली, म्हणून तिलाही हे बघायला मिळाले.

मी आबांना डाळभात भरवत होतो. तीन दिवसांपासून माझ्या हातून घेऊ लागले आहेत, न बघता. आज पहिला घास तोंडात घेऊन ते थांबले. गिळेनात. माझ्याकडे पाहिले. किती दिवसांनी सरळ पाहिले. ओठ डावीकडे ओढले गेले, गळ्याची शीर ताठ झाली.

"मी..."

मला वाटले, मी म्हणजे स्वतःविषयी काही सांगायचे आहे. मी ताट खाली ठेवले.

"मी... ठ."

आई दारातच ओरडली. "बोलले! नागू, बोलले रं!" डोक्यावरची पाटी तशीच टाकून ती चुलीकडे धावली. बरणीत हात घातला आणि मिठाची चिमूट घेऊन आली. रडत होती, हसत होती.

मी तिचे मनगट धरले.

"नाही आई."

"आरं, पैला शबुद हाय त्यांचा! दीड म्हैना मुकं बसलेलं मानूस मीठ मागतंय! एवढुसं!"

"एवढुसंही नाही."

आईने हात सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. आबा आमच्या दोघांकडे बघत होते, मग फक्त माझ्याकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी ताट भिरकावले. भात भिंतीला लागला, माझ्या केसांत गेला. आणि मग आबांनी मला शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही. पण तिच्यात एक अक्षर तुटले नव्हते, एक मात्रा वाकडी नव्हती. आख्खी, खणखणीत, रनिंग रूमच्या मुदपाकखान्यातली शिवी.

आई मटकन खाली बसली.

कुंपणापलीकडून ठकूबाई ओरडली, "सखाराम बोलला काय गं?"

"बोलले!"

"काय म्हणला?"

आईने पदराने डोळे पुसले. "नागूला शिवी दिली."

"मंग हाय अजून," ठकूबाई म्हणाली आणि कामाला लागली.

आईने हळूच मीठ पुन्हा बरणीत टाकले. मी भिंतीवरचा भात पुसला. पातेल्यातून दुसरा घेतला, डाळ कालवली, आणि आबांच्या समोर बसलो. त्यांनी तोंड घट्ट मिटले होते. मी चमचा धरून राहिलो. दोनदा वाटले, असू दे, एक चिमूट. मी हात मागे घेतला नाही. बाहेर ऊन उतरत गेले, भाताची वाफ गेली, आबा माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे.

पुष्कळ वेळाने त्यांनी तोंड उघडले. अळणी घास गिळला. मी दुसरा कालवला.